तुळजाबाई सुईणीचा पदर

सोनारीच्या शिवेलगतच्या एका गावात निम्मं गाव तुळजाबाईच्या हातावर जन्मलं होतं. मांगवाड्यातली सुईण. मूल आडवं असो की पायाळू, तिचा हात फिरला की वाट सापडायचीच. धाकट्या पाटलाला दोन चापट्या मारून पहिल्यांदा रडवलं ते म्या, असं ती छाती काढून सांगायची.

पण रीत मोठी अजब. कळा सुरू झाल्या की तिचा हात चाले, नाळ कापायलाही चाले. बाराव्या दिवशी घर सारवून शुद्ध झालं की तोच हात बाटवणारा ठरे. मग तिनं अंगणात पदर पसरून उभं राहायचं आणि घरच्या सासूनं ओट्यावरून सुपातली ज्वारी, नारळ, खण वरून सोडायचं. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, कायदे पुष्कळ होते, पण याला कायदा लागलाच नाही. सासूनं सुनेला शिकवलं, सुईणीनं लेकीला. आणि तेही चांगलं वळण म्हणून शिकवलं, हीच तर खरी मेख!

१९४३ साली उमाबाई पाटलिणीच्या नातवाचं बारसं झालं. पुढं हीच घरं सांभाळायची म्हणून तुळजाबाईनं पंधरा वर्षांच्या लेकीला, अयोध्येला, पुढं केलं. पोरीनं पदर पसरला. मान खाली, कोपरं अंगाशी, नजर पायाच्या अंगठ्यावर. एक चूक नाही. तुळजाबाईची आई हुबेहूब अशीच उभी राहायची. उद्या अयोध्येची लेकही अशीच उभी राहणार.

सूप कलतं झालं तसा तिनं लेकीचा पदर ओढून घेतला. ज्वारी अंगणभर सांडली.

“हातात द्या, पाटलीणबाई,” ती म्हणाली, “न्हायतर ऱ्हाऊ द्या.”

उमाबाईंनी दिलं नाही. मायलेकी रिकाम्या परतल्या. त्यानंतर चार महिने गावानं तिला बोलावलं नाही, शेजारगावची सुईण आणली. मांगवाड्यातल्या लोकांनीही बोल लावला, हातातोंडाशी आलेला घास घालवला म्हणून. तुळजाबाई खुरपायला गेली, पण कुणाच्या दारात गेली नाही.

पाचव्या महिन्यात उमाबाईंची लेक बाळंतपणात अडली. शेजारगावच्या सुईणीनं हात टेकले, तेव्हा उमाबाईंचा मुलगा, धाकटा पाटील, स्वतः मांगवाड्यात आला. तुळजाबाईनं अट घातली नाही. अडलेल्या बाईपाशी कसला मानपान? गेली आणि दोन्ही जीव सुखरूप सोडवून आली.

बाराव्या दिवशी मायलेकी अंगणात ताठ उभ्या राहिल्या, पदर खांद्यावरच. उमाबाई सूप घेऊन ओट्यावर आल्या. मग पायऱ्या उतरल्या आणि त्यांनी सूप अयोध्येच्या हातांत दिलं. बोटांना बोटं लागली. लगोलग त्या आत गेल्या, आणि न्हाणीतला पाण्याचा आवाज अंगणापर्यंत आला.

अयोध्येचं तोंड उतरलं. “माय, पाटलीणबाई लगीच न्हायल्या की गं.”

“न्हाऊ दे,” तुळजाबाई म्हणाली. “तुला वाकावं लागलं न्हाय.”