तांदळावर तांदूळ

भाच्याचा, मिलिंदचा फोन आला तेव्हा त्याच्या आवाजामागे घरघंटी चालू होती. "मावशी, आई गेली," एवढं म्हणून तो थांबला आणि मग ओरडला, "रंजना, बंद कर ती आधी!" घरघर थांबली... माझी थोरली बहीण, अक्का, खाटेवर शेवटचे श्वास घेत होती आणि तिची सून पलीकडे तांदूळ दळत होती. तेही अक्कानंच सांगितलं होतं म्हणून. तिचं शेवटचं बोलणं मुलाशी नव्हतं. तिनं सुनेला विचारलं, "मूठ टाकली काय गो?" चांगलं तेवढंच लिहायचं तर हा लेख इथेच थांबवावा लागेल, म्हणून सगळं लिहिते.

अक्का खर्डीजवळच्या गावात दिली होती, मी मुरबाडकडे. आम्ही बौद्ध. तिच्या गावात पिठाची गिरण एकच, वरच्या आळीतल्या दाजींची. गिरणीत धान्य बदललं, म्हणजे नाचणीमागून तांदूळ आले, की पहिली मूठ दळून टाकून देतात, नाहीतर पांढऱ्या पिठात काळे कण येतात. हे सगळीकडेच चालतं. पण अक्काचे तांदूळ दळून झाले आणि पुढच्या बाईचेही तांदूळच असले, तरी दाजी त्या बाईची पहिली मूठ दळून बाहेर काढायचे. तांदळावर तांदूळ, तरीही! ते पीठ गिरणीमागे कोंबड्यांना जायचं. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट, कुणी शिवीगाळ करायचं नाही. "जरा साफ करतो हां, वयनी," असं दाजी गोड हसून म्हणायचे. अक्का भरलेला डबा कमरेवर घेऊन उभीच. "चल की," मी एकदा तिचा दंड ओढला. "थांब. बघू दे मला," ती म्हणाली, आणि मूठ बाहेर जाईपर्यंत तिथून हलली नाही.

मिलिंदला नोकरी लागल्यावर घरघंटी घ्यायचं ठरलं. शहापूरच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. मिलिंद मोटारीची ताकद विचारत होता, मी विजेचं बिल. अक्कानं एकच विचारलं, "हिच्यात आधीच्याचं पीठ किती ऱ्हातं?" दुकानदारानं असा प्रश्न कधी ऐकला नसावा. त्यानं एकेक यंत्र उघडून दाखवलं. अक्कानं कोपरापर्यंत हात आत घातला, कोपऱ्याकोपऱ्यातून बोट फिरवून डोळ्यांजवळ नेलं. दगडाच्या घंटीत छिन्नीनं पाडलेल्या टाक्यांच्या खाचांत पीठ बसलेलं दिसलं, ती बाद. "अहो, दगडाच्या पिठाला चव असते," दुकानदार म्हणाला. "चव ऱ्हाऊ दे तुला," असं म्हणून तिनं पोलादी पात्यांची घेतली, सगळी उघडून पुसता येणारी. टेम्पोत घंटीशेजारी बसून येताना ती गाणं गुणगुणत होती. मी तिला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. हा छळ संपला, असंच मला वाटलं.

दोन पावसाळे गेले आणि मिलिंदनं लग्न केलं, ते नेमकं दाजींच्या रंजनाशी. पळून जाऊन, कोर्टात. दाजींनी "आमची मुलगी मेली" म्हणून गावभर सांगितलं. माहेर कायमचं तुटलेली ती पोर अक्काच्या घरात आली आणि थोड्याच दिवसांत अक्कानं नियम घातला. रंजनानं दळण लावलं की पहिली मूठ दळून कोंबड्यांना घालायची, मग घरचं. आत पीठ राहत नाही म्हणून निवडून आणलेल्या यंत्रात! अक्का दारात उभी राहून बघायची. मिलिंद भांडला, बोलेनासा झाला, अक्का ढिम्म. रंजना पोटुशी असतानाही यातून सुटली नाही. मला संताप आला. "अक्का, पोरीचा काय दोष?" अक्कानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कायपण नाय. माझा काय व्हता?" माझा तिच्यावर फार जीव होता आणि त्या दिवशी मला तिची किळस आली. दोन्ही खरं आहे.

अक्काच्या मागचा जलदानविधी झाल्यावर मी तिथेच राहिले. घरात माणसं होती, भाकऱ्यांना पीठ हवं होतं. रंजनानं घरघंटी पुसली, मूठभर तांदूळ टाकले, दळले आणि पीठ घेऊन दाराकडे निघाली. अक्काची खाट रिकामी होती. मी रंजनाचा हात धरला. "आता कशाला गो? बघायला कोण हाय?"

ती थांबली. पीठ बोटांतून गळत होतं. "मावशी, आमच्या गिरणीवर आईंच्या दळणापाठची मूठ बाहेर नेऊन टाकायला बाबा मलाच द्यायचे. मी एवढीशी व्हते. मला वाटायचं, कोंबड्यांचा खाऊच हाय."

"अक्काला ठाऊक होतं?"

"मीच सांगितलं. लग्न करून आले तेव्हा, पाया पडून. वाटलं, सांगितलं की मनात काय ऱ्हायचं नाय." तिनं हात सोडवून घेतला. "दुसऱ्या दिवसापासून मूठ सुरू झाली."

ती दारात गेली. कोंबड्या आधीच येऊन उभ्या होत्या.