दुपट्ट्याखालचे हात

आमच्या घरातले देव मी माझ्या हातांनी वणीच्या निर्गुडा नदीत सोडले. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, परत आलो आणि टोपलीत घालून सोडले. आई रडली, तरी सोडले. हे आधीच सांगून ठेवतो, कारण या सदरात लिहिणारा जो तो ‘मी असल्या गोष्टी मानत नाही’ म्हणतो आणि लगेच पिंपळावरच्या मुंज्यावर येतो. ज्यानं देव ठेवले नाहीत, तो भुतं कशाला सांभाळेल? मी बाजारातला माणूस आहे. जनावरात खोड असेल तर आधी खोड सांगतो, मग भाव. या गोष्टीतली खोड एवढीच, की तिचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

मी बैलांचा दलाल. लहानपणी दुसऱ्यांची गुरं राखली, त्यातच दात, खूर आणि चाल ओळखायला शिकलो. वाचायला-लिहायला मोठेपणी शिकलो. वणीच्या बैलबाजारात लिंबाखाली जागा धरली, ती कोणी दिली नव्हती... भांडून घेतली होती.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात भाव तोंडानं होत नाही. दलाल आपल्या हातावर दुपट्टा टाकतो, समोरचा त्याखाली हात घालतो आणि बोटं दाबून आकडा सांगतो. एक बोट धरलं की एक, पूर्ण पंजा धरला की पाच, बोटाच्या मधल्या पेरावर दाबलं की अर्धा. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. पटलं की दुपट्ट्याखालीच हातावर हात मारायचा. टाळी पडली की सौदा झाला. कागद नाही, साक्षीदार नाही. दलालाची सगळी पत त्या एका पंजात.

आता माझा पंजा कोणाचा, हे साऱ्या बाजाराला ठाऊक होतं. सौदा झाल्यावर काही जण पखालीवाल्याकडे जाऊन हात धुवायचे. मला दिसायचं. पण पारख माझ्याइतकी दुसऱ्याला नव्हती, म्हणून हात धुवायचे आणि पुढच्या बाजारी पुन्हा माझ्याकडेच यायचे. मीही बोलत नव्हतो. दलाली मात्र अशा लोकांकडून मी एक पैसा कमी घेतली नाही.

एकसष्ट-बासष्टची गोष्ट असेल. घाटंजीकडच्या एका शेतकऱ्याची जोडी मी एका पाटलाला लावून दिली. पाटलाचं नाव लिहीत नाही. त्याची नातवंडं हे मासिक वाचतात. दुपट्ट्याखाली भाव ठरला, टाळी पडली. पैसे द्यायच्या वेळी मात्र पाटील सगळ्यांसमोर म्हणाला, “एवढा भाव मी देल्लाच नाई. याचा हात खोटा हाय.”

शेतकरी बिचारा बैल घेऊन निघून गेला. मी पाटलाच्या अंगावर धावून गेलो, चौघांनी मला धरलं. ते माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. राग आला तो बाकीच्या दलालांचा. ज्यांना मी धंदा शिकवला, त्यातलाच एक मला म्हणाला, “जाऊ दे ना बे. पाटील हायेत ते. आपलं काय?”

त्यानंतर तीन बाजार झाले. मी दुपट्टा टाकून बसायचो, उठायचो, शिव्या द्यायचो, परत बसायचो. एकही हात आला नाही.

शेवटी ठरवलं, वणी सोडायची. वर्धा नदी ओलांडली की चांदा जिल्हा, तिकडच्या बाजारात मला कोणी ओळखत नाही. तिकडे बस्तान बसवायचं आणि मग घर विकून बायको-पोरांना न्यायचं. स्वतःच्या कमाईनं बांधलेलं घर... पण ज्या दलालाचा हात खोटा ठरला, त्यानं त्या गावात काय करायचं?

बरोबर माझा साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, किसन होता. तो मला पोचवायला आला होता; खरं तर बहिणीनं त्याला माझ्या रागावर नजर ठेवायला पाठवलं होतं. त्या बाजूला मोटार जात नव्हती, म्हणून पायीच निघालो. राजूरपर्यंत कोळशाच्या रस्त्यानं धोतराची किनार काळी झाली. मग कापसाची शेतं लागली. वेचणी चालू होती. मार्गशीर्षातले दिवस, ऊन अंगावर घ्यावंसं वाटणारं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे ज्यानं त्यानं मला ‘ऊन लागलं असेल’ हेच ऐकवलं.

“भाऊजी,” किसन वाटेत म्हणाला, “चांद्याच्या बैलायले तुमी काय मराठीतच शिव्या द्याल, का तेलंगी शिकाल?”

“तुले पहिले देतो, त्याच्यावर सराव होते.”

“मले तं बारा वर्सापासून देऊनच राह्यले. सराव झाला असन आतालोक.”

नदीवर जिथं डोंगा, म्हणजे पलीकडे नेणारी होडी लागते, तिथं एक जुनी घाटपेठ आहे. म्हणजे होती. आमच्या आज्या-पणज्यांच्या वेळी, आगगाडी यायच्या आधी, पावसाळ्यात नदी भरली की खालून मोठमोठ्या नावा वर यायच्या, असं सांगतात. मीठ यायचं, तांदूळ यायचा आणि परत जाताना वऱ्हाडातला कापूस जायचा. मी ते ऐकून होतो, पाहिलं कधी नव्हतं. मला वाटलं होतं, चार दगड असतील.

उतारावरून खाली आलो आणि उभाच राहिलो. फरसबंद रस्ता, बैलगाड्यांच्या चाकोऱ्या दगडात खोल गेलेल्या. दोन्ही बाजूंना ओट्यांच्या रांगा. घरं नाहीत, छपरं नाहीत, नुसते ओटे, कमरेएवढे उंच, मोजायला गेलो असतो तर दमलो असतो. टोकाला पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या आणि काठावर दगडी खांब. खांबांना नावांचे दोर बांधत असणार. दोर घासून घासून दगडाला खाचा पडल्या होत्या, माझं मनगट बसेल एवढ्या. दगड झिजवायला किती नावा आल्या असतील? एवढी मोठी पेठ होती आणि आता तिथं एक बकरीसुद्धा नव्हती.

डोंगा पलीकडच्या काठाला होता. किसन हाका मारायला पायऱ्या उतरून खाली गेला आणि मी पेठेतून एकटाच फिरत राहिलो. फिरताना डोक्यात धंदाच. दलालानं बसावं तर कुठं? एक कोपऱ्यातला ओटा दिसला. तिथून नावाही दिसणार आणि वरून येणाऱ्या गाड्याही. म्हटलं, मी त्या काळात असतो तर हाच ओटा धरला असता, दुसऱ्याला बसू दिलं नसतं. त्यावर बसलो. आणि हात आपोआप गेला... खांद्यावरचा दुपट्टा काढून उजव्या हातावर टाकला. सवय म्हणा, चीड म्हणा. पंजा उघडा ठेवला.

दुपट्ट्याखाली माझ्या हातात हात आला.

समोर कोणी नव्हतं. रिकामा रस्ता, त्यावर माझी सावली. दुपट्टा मात्र समोरच्या बाजूनं उचलल्यासारखा झाला होता, जसा नेहमी होतो. हात जाड होता, खरखरीत, दोर ओढणाऱ्याचा असतो तसा, आणि एका बोटाचं टोक नव्हतं. त्यानं माझी तीन बोटं धरली.

तुम्ही विचाराल, पळाला का नाहीस? पळायला हवं होतं. माझ्या पाठीवर काटा आला होता, मानेपासून खाली. पण त्याआधी दुसरं काहीतरी झालं होतं. तीन बाजार माझ्या दुपट्ट्याखाली कोणाचा हात आला नव्हता... आणि हा आला होता. तीन बोटं धरून माझ्या उत्तराची वाट पाहत होता. मी काय करावं? मी त्याचा पूर्ण पंजा दाबला.

तो हसला असावा. हाताला हसू कळतं, तीस-चाळीस वर्षं हेच केलं की. त्यानं साडेतीन सांगितले. मी नाही म्हणून बोट झटकलं. “माल कोणता?” मी हळूच विचारलं. त्यानं चार सांगितले, मी साडेचार. तो हात सोडून निघाल्यासारखा सैल झाला. ती चाल मला पाठ होती, मी धरून ठेवला नाही. परत आला. साडेचारवर टाळी पडली. टाळी माझ्या तळव्याला लागली, झणझणली. पण आवाज काही आला नाही.

मी श्वास घेतो तोवर दुसरा हात आला.

हा बारीक होता, मऊ, बोटात अंगठी. घाईचा माणूस, लवकर मानला. तिसरा हात ओला होता, गार, नुकताच पाण्यातून आल्यासारखा. एक हात बाईचा. काचेच्या बांगड्या माझ्या मनगटाला टेकल्या, वाजल्या मात्र नाहीत. तिनं अशी घासाघीस केली की मला दोनदा घाम फुटला. तसं खमकं गिऱ्हाईक मी पुन्हा पाहिलं नाही. एका हाताला कापसाची लव चिकटलेली होती, मला ती बोटांवर कळत होती. मग मोजणं सुटलं. एक गेला की दुसरा. सगळी पेठ माझ्यासमोर रांगेत उभी होती आणि मला एक माणूस दिसत नव्हता. नुसतं ऊन आणि नदी. मी कोण, कुठला, कोणाचा, कोणी विचारलं नाही. माझा हात लागल्यावर एकही हात आखडला नाही. ठरलेल्या भावावरून एकही फिरला नाही. माझे डोळे वाहत होते आणि मी भाव करत होतो.

“भाऊजी!”

किसन पायऱ्यांच्या वर उभा होता. अर्धवट पुढे आलेला, तसाच थांबलेला. मी दुपट्टा उचलला. खाली माझाच हात, एकटा.

“कोणासंग सौदा करून राह्यले?” त्यानं विचारलं. आवाजात थट्टा नव्हती. माझ्या ओळखीत पहिल्यांदाच.

“तुले काय दिसलं?”

त्यानं एकदा रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “दुपट्ट्याखाली दोन हात होते, भाऊजी. कापड दोघायच्या अंगानं हालत होतं.”

मी दुपट्टा चाचपला. वरून कोरडा, आतून ओला. तळव्यावर पांढरं काहीतरी होतं. जिभेला लावून पाहिलं... मीठ. पुढे एका डॉक्टरांनी सांगितलं, घामाचंही मीठ होतं. होत असेल. दुपट्टा आतून पिळण्याइतका ओला होईल असा घाम मार्गशीर्षात येतो का, हे विचारल्यावर ते म्हणाले, “माणसाच्या शरीराचं काही सांगता येत नाही.” म्हणजे त्यांनाही माहीत नव्हतं.

तोवर डोंगेवाला काठाला लागला होता. खालूनच ओरडला, “या ना लवकर! का बसाले आणलं मले?”

मी पायऱ्यांपर्यंत गेलो. पाणी पाहिलं, पलीकडचा काठ पाहिला. आणि म्हणालो, “आमाले नाई जायचं.”

“मंग हाका कायले मारल्या? नदी भरून आहे का कमी आहे, ते पाह्याले?”

त्याचं बरोबर होतं. त्याला दोन्ही वेळचं भाडं दिलं. आयुष्यात घासाघीस न करता दिलेलं ते एकच भाडं असेल. परतीची वाट धरली. राजूर मागे पडल्यावर किसन म्हणाला, “ताईले काय सांगाचं?” मी म्हटलं, “सांग, भाऊजीचा बेत बदलला.”

पुढच्या बाजारी मी लिंबाखाली माझ्या जागेवर बसलो. हातावर दुपट्टा टाकला आणि तसाच बसून राहिलो. शिव्या नाहीत, उठबस नाही. सकाळ गेली. पाटलाचा गडी समोरून जाताना म्हणाला, “काय दलाल, दुपट्टा वाळू टाकला का?”

“तुया मालकाची जीभ वाळू टाकाची हाय,” मी म्हटलं, “तिच्यासाठी जागा धरून ठेवली.” चार माणसं हसली. ती हसली, म्हणजे ती माझ्याकडे बघत होती.

दुपारनंतर पुसदकडचा एक लमाण आपली जोडी घेऊन आला. त्यानं माझ्याबद्दल ऐकलं नव्हतं असं नाही; शेजारचा दलाल त्याच्या कानाशी लागलेला मी पाहिला होता. लमाणानं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग माझ्यासमोर उकिडवा बसला, मला ‘भिया’ म्हणाला, म्हणजे त्यांच्या बोलीत भाऊ, आणि दुपट्ट्याखाली हात घातला. ती जोडी मी संध्याकाळच्या आत लावून दिली. त्याच्या मागून दुसरा आला. मग बाजार चालू झाला आणि पुढे पंचवीस वर्षं चालू राहिला.

पाटलानं कधी कबूल केलं नाही. मी त्याला माफ केलं नाही. तो वारला तेव्हा गाव लोटलं, मी गेलो नाही. देव सोडले म्हणून राग सोडला असा कोणी अर्थ काढू नये.

घाटपेठेत मी नंतर दोनदा जाऊन आलो. एकदा किसनला घेऊन, एकदा एकटा. त्याच ओट्यावर बसलो, दुपट्टा टाकला. काही नाही. वाऱ्यानं कापड हललं तेवढंच. शिकलेल्या माणसांना विचारलं. कोणी म्हणालं भास, कोणी म्हणालं मनाचा खेळ, एकानं तर शांत करून घ्या म्हणून बाबा सुचवला, त्याला मी हाकलून दिलं. मला माझं असं कोणतंही उत्तर सापडलेलं नाही आणि सापडलं असं खोटं सांगणार नाही.

त्या दुपारी मी त्या लोकांना काय विकलं, त्यांच्याकडून काय घेतलं, तेही मला ठाऊक नाही. भाव मात्र चोख झाला होता.