गोल पत्र्यावरची भोकं

हे मी नवऱ्याला कधी सांगितलं नाही, आता तर तोही गेला. मुलीलाही नाही. आज तुम्हाला सांगते — हलकं वाटावं म्हणून नव्हे. तसं वाटणारही नाही.

अंबरनाथला पत्र्याच्या कारखान्यात मी भोकांच्या खुणा करून ड्रिल मारायचे. शिक्षण चौथी. पण गोल कव्हरवर भोक कुठं यायचं, हे शेठ मलाच विचारायचा. मी शिंप्याची टेप गोलाईवरून फिरवायचे आणि आकडा सांगायचे. मग कंप्युटर आला, आणि त्यावर ड्रॉइंग काढायला दीपाली — बारवी धरणाकडच्या पाड्यातली, घरात पहिलीच शिकलेली. शेठ माझ्याकडं यायचा थांबला. तिनं माझं काय वाकडं केलं होतं? काहीच नाही. मला मावशी म्हणायची, डब्यातली भाकरी पुढं करायची.

एकदा अर्धगोल कव्हरांचं काम आलं. पत्रा सपाट असतानाच भोकं पाडायची, मग तो वळवायचा. दीपाली कागद घेऊन आली.

"मावशी, गोल काम पहिल्यांदाच काढलंय. एवढी मापं बघता का?"

बघितली — आणि लगेच कळलं. दोन भोकांमधलं अंतर तिनं सरळ धरलं होतं, आरपार पट्टी लावल्यासारखं. गोलाईवरून धरलंच नव्हतं. पत्रा वळला की भोकं जवळ येणार. दंडाचं माप कुणी पट्टीनं घेतं का? एवढंच बोलायचं होतं. मी हसून म्हणाले, "कंप्युटरनं काढलंय ना? मग चौथी पास बाईला काय विचारतेस!" तीही हसली. तिला वाटलं, सगळं बरोबर आहे. तसं वाटावं म्हणूनच मी हसले होते.

मग — मग काय, भोकं पाडली. एक पत्रा करून थांबता आलं असतं. साठच्या साठ केले. हात अडखळला का? खोटं कशाला सांगू — त्या दिवशी हात छान चालला.

कव्हरं वळून आली, एकावरही बोल्ट बसेना. शेठ ओरडला, "किसने बिगाड़ा?" मी कागद टेबलावर ठेवला, आकड्यावर बोट ठेवलं. "ड्रॉइंगप्रमाणे केलंय." दीपालीनं माझ्याकडं बघितलं. मला दाखवलं होतं, हे ती बोललीच नाही. का? मला माहीत नाही. 'मला कुठं दाखवलं?' हे खोटं मी तोंडात तयार ठेवलं होतं. ते वापरायची वेळच आली नाही.

तिला त्याच दुपारी काढलं. त्या पावसाळ्यात ती आईबरोबर दुसऱ्याच्या शेतात भात लावत होती, असं तिच्या पाड्यावरच्या बाईनं सांगितलं. मी "अरेरे" म्हणाले.

तिच्या जागी आलेल्याला शेठनं पहिल्याच दिवशी बजावलं, "पहले मौसी को दिखाना." काम सोडेपर्यंत, सात वर्षं, गोल पत्र्याचा प्रत्येक कागद आधी माझ्यापुढं यायचा. मी नीट तपासायचे. एकही चूक पुढं जाऊ दिली नाही. आणि ते मला आवडायचं.