अनंतशेटची तार

रत्नागिरीत पोरांचे कान टोचावेत ते अनंतशेट सोनारानंच. सोन्याची तार कानात घालायचा, भोक सुकलं की परत घ्यायचा, धोतराला पुसायचा आणि तीच पुढच्या पोराला टोचायचा. एखादी आई भीत भीत म्हणाली, "शेट, तार जरा उकळून घ्याल?" की खेकसायचा, "सोनं कधी बाटतं काय गो? आधी तुझे हात धू!"

एकतीस सालच्या शिमग्यात त्यानं आपल्या नातीचे, चंपीचे, कान टोचले. दहाव्या दिवशी पोर धनुर्वातानं गेली. तिला उचलण्याआधी त्यानं कानांतल्या तारा काढून घेतल्या.

सुतक फिटलं तेव्हा त्यानं घरभर गोमूत्र शिंपडलं, अंथरुणं धुवून घेतली. तारा तेवढ्या धोतराला पुसल्या. मग दुकान उघडून दारातल्या बाईला म्हणाला, "ये गो. पोरीचं डोकं घट्ट धर."