झिंगे पुसणारी गिरजा

माझी बायको गिरजा झिंगे पुसायची. धुतात सगळेच. ती धुतल्यावर एकेक झिंगा जुन्या धोतराच्या फडक्यात घेऊन कोरडा करायची, लेकराचं नाक पुसावं तसा. बघणाऱ्याला राग यावा इतका वेळ लावायची. मी म्हणायचो, "लगन लावून राह्यली काय त्याहीचं?" ती मान वर न करता म्हणायची, "पाणी अन् तेल सवती हायेत. एका कढईत नांदत नाईत."

देवळीजवळ आमचं दीड एकर ओलीत. वांगी, कोथिंबीर घेऊन ती वर्ध्याला जायची. तिथं रेल्वेच्या क्वार्टरातली एक बंगाली बाई तिचं गिऱ्हाईक. त्या बाईनं शिकवलं. झिंगा सोलायचा, पाठीतला काळा दोरा काढायचा, तिखट-मीठ लावायचं, अंड्यात बुडवून टोस्टच्या चुऱ्यात लोळवायचा आणि कडक तेलात सोडायचा. आमच्या गावात टोस्ट म्हणजे चहात बुडवायची वस्तू. गिरजा ते खलबत्त्यात कुटायला लागली तेव्हा शेजारीण म्हणाली, "झिंग्याले अंगडं शिवते व माय."

"शिवते. तुह्या नवऱ्याले चाखू देऊ नको, घरची भाजी गोड लागणार नाई त्याले."

अशी बोलायची. मी तिला कधी चांगलं झालं म्हटलं नाही. ताट रिकामं करायचो, तेच माझं बोलणं.

ऐंशीच्या आधीची गोष्ट. पोळ्याची कर होती. श्रावणभर तोंड बांधलेलं, त्या दिवशी घरोघरी कढया चढतात. तिचा धाकटा भाऊ शंकर आष्टीहून आला होता. बहिणीला नायलॉनचं पातळ घेऊन आला. तिनं तेव्हाच नेसलं आणि तेच नेसून स्टोव्हपाशी बसली. तेल तापलेलं, अर्धे झिंगे अजून पाण्यात. ती पुसतच होती. मी आत गेलो.

"पाहुणा भुकेनं मरून राह्यला, अन् तू पुसत बसली."

"अवो, दम धरा. ओलं तेलात जाऊ नये."

मी पाण्यात हात घातला, मूठभर झिंगे उचलले आणि तसेच निथळते कढईत फेकले. ना अंडं, ना चुरा. तेल फसफसून वर आलं, काठावरून स्टोव्हवर गेलं, आणि जाळ छपराकडं उठला. सुती लुगडं असतं तर फेडता आलं असतं. नायलॉन वितळून अंगाला चिकटलं. मी गोणपाट टाकलं. शंकर ओसरीवरून धावत आला तेव्हा ती गोणपाटाखाली होती.

दवाखान्यात तीन दिवस काढले तिनं. पहिल्याच दिवशी जमादार जबाब घ्यायला आला. त्याच्यादेखत शंकरनं बहिणीला विचारलं, "बाई, खरं सांग. भाटव्यानं काई केलं काय?"

मी, त्याचा भाटवा, दारात उभा होतो. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

"माह्याच हातानं ओले पडले रे. घाई केली म्या."

जमादारानं लिहून घेतलं. मला तोंड होतं, मी उघडलं नाही. जेलात गेलो असतो की नाही ठाऊक नाही, पण भ्यालो ते खरं.

तेरवी झाली. शंकरला बसपर्यंत सोडायला गेलो. बस आली. पायरीवर पाय ठेवताना तो म्हणाला, "भाटवे, माह्या बाईनं जलमात ओलं तेलात टाकलं नाई."

मी बसच्या चाकाकडं पाहत राहिलो.

"पण तिनं सांगतलं, म्हणून म्या ऐकलं. ते पातळ म्या आणलं होतं, ते मले पुरते. आता मी येत नाई."

तो आला नाही. मागल्या उन्हाळ्यात तोही गेला. मयतीला गेलो, त्याच्या पोरांनी मला पाणी दिलं, कोण म्हणून विचारलं नाही.

मी दुसरी शिकलेला माणूस. सरकारी कागदावर तिचा हात लिहिला आहे. हात माझा होता.