लेबलवरचा कागद
यंदाही गणपतीच्या आरतीनंतर माझ्या मित्राने तो किस्सा रंगवून सांगितला, सगळे हसले आणि मी हातातला मोदक परत ताटात ठेवला. तो विनोद नव्हता. वीसेक वर्षांपूर्वी जर्मनीत स्टुटगार्टच्या एका क्लबात मी रविवारी दुपारी 'सोल' प्रकारातल्या जुन्या अमेरिकन गाण्यांच्या दुर्मिळ रेकॉर्ड लावायचो. दुसऱ्या कुणाला तीच रेकॉर्ड शोधता येऊ नये म्हणून आम्ही रेकॉर्ड लावणारे तिच्या मधल्या लेबलवर कागद चिकटवून गायकाचं खोटं नाव लिहायचो. त्या दिवशी अशाच एका गाण्यावर अख्खा हॉल नाचत होता. एक म्हातारा अमेरिकन कॉफीचा कप घेऊन माझ्यासमोर आला. "हे मी गायलोय," तो म्हणाला, "तो कागद काढ." मी नकारार्थी मान हलवली. तेव्हा त्याने पुढची ओळ रेकॉर्डच्या आधी म्हटली. आवाज घोगरा झाला होता, पण तोच होता. मला कळलं. तरीही मी माइकवर म्हणालो, "आजोबांना बीअर जास्त झालीय!" लोक खिदळले. "कॉफी आहे ही," तो ओरडला, "आणि चोर तू आहेस!" कप माझ्या टेबलावर आपटून तो निघून गेला. "काय जिरवलीस रे त्याची!" म्हणत शेजारी उभ्या याच मित्राने माझी पाठ थोपटली, आणि मी नीच माणसाने ती थोपटून घेतली. यंदा आरतीहून घरी आल्यावर मी ती रेकॉर्ड काढली आणि कागदावर ओला बोळा ठेवला. कागद अलगद सुटला. खाली त्याचं नाव स्वच्छ होतं. एका मिनिटाचं काम होतं ते.