बर्मा साग, मलेशियाचा साल आणि आमची अक्का

लाकडाच्या वखारीत भुसा आणि किस्से रोज साठतात. भुसा लोक बंबात घालायला नेतात तरी, किस्से कोण नेणार? म्हणून सांगत बसते.

तर रत्नागिरीत मांडवीला एक वखार होती. तिथं एक मोठी जाऊ, एक धाकटा दीर नि एक धाकटी जाऊ राहायची. मोठी ती आमची अक्का. थोरले दीर गेले नि वखार तिनं हातात घेतली. धाकटा दीर म्हणजे आमचे हे, करवतीच्या मशीनवर. धाकटी मी.

ऐंशी सालापुढची गोष्ट. मुंबई बंदरातून यायचा तो बर्मा साग आटत चालला, नि त्याच्या जागी मलेशियाचा साल यायला लागला. लाल, जड लाकूड. घेणारं कुणी नाही! हे म्हणाले, "माल खपला नाही तर वखार बंद. मी मुंबईला नोकरी बघतो." मुंबईला गेलेला माणूस गणपतीला तेवढा दिसतो, हे मला ठाऊक. अक्का म्हणाली, "बघूया."

*

पहिलं गिऱ्हाईक हेदवीचे गुरुजी. दारासाठी लाकूड बघायला आले. सालाची फळी नाकाशी धरली नि तोंड वाकडं केलं.

"याला सागाचा वास नाही हो."

अक्का म्हणाली, "गुरुजी, दार लावायचंय की हुंगायचंय?"

गुरुजी हसले नि दाराचं लाकूड घेऊन गेले!

*

मग एक चाकरमानी आला, गॉगलबिगल लावून. "बर्मा साग शंभर वर्षं टिकतो. या तुमच्या मलेशियाची गॅरंटी काय?"

"शंभर वर्षांत काही झालं तर घेऊन या," अक्का म्हणाली. "मी इथंच बसलेली असेन!"

*

पण असे किती येणार? आधी पडवीत बसलं की बर्मा सागाच्या ढिगाआडून समुद्र नुसता ऐकू यायचा. वर्षं गेली तसा ढीग खाली बसला. आधी होड्यांच्या काठ्या दिसल्या, मग होड्या, मग पाणी. नि डावीकडं मलेशियाचा ढीग एवढा चढला, की शेजारीण दिसेनाशी झाली!

हे सुस्कारा टाकून म्हणाले, "समुद्र दिसायला लागला, वैनी. दिवस फिरले."

अक्का म्हणाली, "मग खुर्ची तिकडं वळवा, भावोजी. वारा तरी खावा!"

*

शेवटी ह्यांनी मुंबईला जायचं ठरवलंच. त्याच आठवड्यात आमच्या गावच्या देवळाच्या सभामंडपाला खांब हवे झाले. मानकरी अडून बसले, "देवाला बर्मा सागच हवा!" तेवढा साग अख्ख्या रत्नागिरीत उरला नव्हता.

अक्का म्हणाली, "तुम्ही कशाला भांडता? देवालाच विचारा." आणि कौल लागायच्या आधीच सालाच्या खांबांनी भरलेला ट्रक तिनं देवळापुढं आणून उभा केला! एवढी छाती मी तरी कुणाची बघितली नाही.

गुरवानं देवाच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या लावल्या नि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, बर्मा साग सरत आला. मलेशियाचा साल तुझ्या दारात उभा आहे. पसंत असेल तर उजवी पाकळी दे!"

"होय महाराजा!" सगळे ओरडले.

पाकळी हलेना. मी डोळे मिटून घेतले.

मागून अक्काचा आवाज आला, "देवा, सावकाश सांग. पण बाहेर ट्रकवाला खोळंबलाय!"

टपकन उजवी पाकळी पडली.

मोठे मानकरी पुटपुटले, "देवाला मलेशिया काय ठाऊक?"

गुरव म्हणाला, "मग बर्मा कोणी दाखवला होता?"

पुढच्या महिन्याभरात पाच-सहा गावची माणसं सालासाठी आमच्या दारात, नि त्यात मोठे मानकरी, स्वतःच्या घरासाठी! ढीग बघता बघता उतरला.

अक्का ह्यांना म्हणाली, "भावोजी, मुंबईला जायचं होतं ना तुम्हाला? जा की! येताना सालाचे दोन ट्रक भरून आणा."